स्वल्पविराम फिरायला जातो

"मला फसवणारा माणूस अजून छापून यायचाय!"

हे वाक्य आप्पा दिवसातून एकदा तरी म्हणत. म्हणताना चष्मा नाकावर असा खाली ओढत, की समोरच्याला आपल्या कपाळावर काहीतरी चुकीचं लिहिलंय असं वाटे आणि तो नकळत कपाळ पुसे. उभा जन्म आप्पांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. देवाने सगळ्यांना डोळे दिले ते त्याचं जग बघायला. आप्पांचे डोळे घडवताना मात्र त्याचा हात चुकून लाल शाईच्या दौतीत बुडाला असावा! इतरांना माणसं दिसत, आप्पांना माणसांतल्या चुका दिसत.

निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पण कानावरची लाल पेन्सिल काही सुटली नाही. गल्लीत त्यांना पाठीमागे सगळे 'लाल पेन्सिल'च म्हणत. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने दुकानावर पाटी लावली होती, 'शुध्द दुध मीळेल'. तीन शब्दांत तीन चुका! आप्पांनी भर सकाळी स्टुलावर चढून तिन्ही दुरुस्त केल्या आणि समासात 'छी!' असंही लिहिलं. दूधवाला माप घेऊन मागे धावला. तेव्हापासून दोघांचं बोलणं फक्त टोमण्यांतून चाले.

असा हा माणूस जगात एकाच जिवापुढे विरघळे. तो जीव म्हणजे कुत्रा. लेकीने लग्न करून जाताना तो मागे ठेवला होता. झोपताना शेपूट पोटाशी घेऊन वळकटी करायचा, म्हणून आप्पांनी त्याचं नाव ठेवलं स्वल्पविराम. रोज दुपारी आप्पा त्याला वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवत. घरात तेवढं ऐकून घेणारा तोच एक होता. आता तो ऐकताना घोरत असे, हे खरं. पण मंडळी, घोरणाऱ्या श्रोत्यालाही श्रोताच म्हणायचं असतं!

आप्पांच्या सोबत फिरायला जाऊन जाऊन मात्र त्याचा व्यायाम कधी झाला नाही. आप्पा प्रत्येक पाटीपाशी थांबणार, वाद घालणार, आणि हा खाली बसून पेंगणार. शेवटी एकदा डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं आणि काट्याकडे बघून त्यांनाच घाम फुटला.

"आप्पा, याची कंबर धरेल. याला रोज चालवा."

"फिरवा," आप्पा म्हणाले.

"काय?"

"फिरवा म्हणा. चालवतात गाडी."

डॉक्टरांनी कुत्र्याकडे दयेने पाहिलं.

लेकीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, पुढच्या तपासणीला वजन उतरलं नाही, तर मी त्याला माझ्याकडे घेऊन जाणार. मग मला रडून दाखवायचं नाही."

आप्पांनी त्याच दिवशी कुत्रा फिरवायला माणूस शोधला.

आलेला माणूस पूर्वी शाळेची व्हॅन हाकायचा. पोट सुटलेलं, तोंडात शीळ, बोटावर गरगरणारी किल्ली. दारातूनच म्हणाला, "कुत्रं चालवायला माणूस पाहिजे म्हणे?"

आप्पांचा चष्मा खाली आला.

"चालवायला? कुत्रा म्हणजे तुमची व्हॅन आहे? व्हॅन चालवतात. दुकान चालवतात. काही मूर्ख लोक तोंड चालवतात. कुत्र्याला फिरवतात! काय करतात?"

"फिरवतात."

"मग तुम्ही काय करणार?"

"चाल..."

"फिरवणार!"

"फिरवणार." व्हॅनवाला थोडा विचारात पडला. "म्हणजे चालवायचं नाही ना साहेब? नक्की?"

"अजिबात नाही! तो शब्द माझ्या उंबऱ्याच्या आत नको!"

व्हॅनवाल्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याला कुणीतरी आयुष्यभराची सुट्टी दिली. "चालेल साहेब!"

"काय चालेल? कुठे चालेल? पाय आहेत त्याला? 'ठीक आहे' म्हणा!"

"ठीक आहे साहेब. एकदम ठीक आहे."

आतून काकू, म्हणजे आप्पांची बायको, हे सगळं ऐकत होती. ती कपाळावर हात मारून पुन्हा कामाला लागली. इतक्या वर्षांत त्या कपाळाला तेवढी सवय झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून नवल सुरू झालं. फिरायचं नाव काढलं की पलंगाखाली लपणारा स्वल्पविराम व्हॅनवाल्याची शीळ ऐकताच दाराला धडका देऊ लागला. जाताना उड्या, येताना उड्या. ना धाप, ना जीभ बाहेर. कानांवरचे केस मागे उडालेले आणि चेहऱ्यावर एखाद्या बड्या अधिकाऱ्याची तृप्ती. आल्याआल्या वाटीभर जेवायचा आणि आणखी वाटीभर मागायचा. पोट तर असं गोल होत चाललं की काकू म्हणाली, "अहो, तुमच्या स्वल्पविरामाचा पूर्णविराम झालाय!"

आप्पांनी त्याचा पंजा उचलून नाकाशी नेला. धूळ नाही, चिखल नाही. पंजा कसला, नुकतं छापून आलेलं कोरं पान!

"हा माणूस कुत्रा फिरवत नाही," आप्पांनी जाहीर केलं. "कोपऱ्यावर चहा ढोसत बसतो आणि वेळ झाली की आणून सोडतो. शुद्ध लबाडी!"

"तुम्हाला कुणावर संशय येत नाही ते सांगा. उद्या देव दारात उभा राहिला, तर त्यालाही आधी वेलांट्या विचाराल!"

"चुकत असेल तर विचारीनच!"

संध्याकाळी त्यांनी व्हॅनवाल्याला धरलं. "कुठवर नेता याला?"

"तळ्यापर्यंत साहेब. मग पुलावरून पलीकडे. मग जुन्या कारखान्याला वळसा."

"कारखान्याला? तो गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे!"

"हो ना. पण त्याला आवडतं. मस्त वारा लागतो."

तो गेल्यावर आप्पा तुच्छतेने हसले. "वारा लागतो म्हणे! अहो, खोटं बोलायचं तर निदान छापण्याजोगं तरी बोलावं!"

आता पुरावा हवा होता. आप्पांनी डोकं लढवलं आणि ते इतकं जोरात लढवलं की शेजारच्या विवेकाला धक्का लागून तो पडला. छापखान्यातून आणलेली शिक्क्याची लाल शाई त्यांनी कपाटातून काढली. ही शाई लवकर वाळत नाही. सकाळी त्यांनी स्वल्पविरामाच्या चारही पंजांना ती चोपडली. हिशेब सरळ होता. कुत्रा चालला तर शाई रस्त्यावर झिजेल. नाही चालला तर पंजावर राहील!

कुत्रा गेला, कुत्रा आला. दाराशी आप्पा भिंग घेऊन उकिडवे बसले होते. पण स्वल्पविरामाला नाश्त्याची घाई होती. तो आप्पांच्या मांडीवरून उडी मारून आत पळाला. फरशीवर लाल ठसे, सोफ्यावर लाल ठसे, तिथून पलंगावरच्या धुवट पांढऱ्या चादरीवर तीन गिरक्या!

शाई शिल्लक होती! भरपूर होती! आप्पा आनंदाने टाळ्या पिटत नाचू लागले.

तेवढ्यात काकू आंघोळ करून बाहेर आली.

"अगं बाई! रक्त! लेकराचे पाय फुटले!"

"रक्त नाही गं! पुरावा आहे, पुरावा!"

"मुक्या जिवाचे पाय फुटलेत आणि हा माणूस नाचतोय!" काकूने फोन उचलला. डॉक्टरांना लावला, तो लेकीला लागला. "अगं, चारही पाय लाल! आणि तुझे बाबा, काय सांगू तुला, टाळ्या वाजवतायत!"

आप्पांनी फोन ओढून घेतला. "हे बघ बाळ, शाई आहे ती. मीच लावली."

पलीकडून लेक अगदी हळू आवाजात बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही त्याच्या पायांना शाई लावलीत?"

"ठसे घ्यायला..."

"मी उद्या सकाळी येते. त्याला न्यायला."

त्या दुपारी आप्पांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. गुडघे टेकून ते फरशी घासत राहिले. स्वल्पविराम शेजारी पडून घोरत होता. घासता घासता आप्पा मधेच थांबून त्याच्या पाठीवरून हात फिरवत. त्या हाताने पाठही लाल झाली, तेव्हा तिलाही पुसावं लागलं.

पण माणूस असा सहजासहजी सुधारत नाही. रात्री उशीला टेकताना आप्पांच्या मनात आलं, लेक यायच्या आत चोर रंगेहाथ धरला तर? दोष त्याचा ठरेल! कुत्रा आपल्याकडेच राहील!

सकाळी डोक्यावर टोपी, अंगात उन्हाळ्यात रेनकोट आणि तोंडापुढे वर्तमानपत्र, अशा थाटात आप्पा कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. कुणी ओळखू नये म्हणून. दूधवाल्याने लांबूनच हाक मारली, "काय आप्पा, आज पाऊस शुद्ध पडणार वाटतं?"

"गप्प बसा! मी इथे नाहीये!"

शीळ ऐकू आली. व्हॅनवाला आणि स्वल्पविराम कोपरा वळले. आप्पा मागून सरकले आणि जागीच थिजले.

भिंतीला टेकून स्कूटर उभी होती. व्हॅनवाल्याने 'हुश्श' करत स्वल्पविरामाला उचललं आणि पाय ठेवायच्या जागेवर बसवलं. कुत्र्याने पुढचे दोन पाय वर टेकवले आणि छाती पुढे काढली. किल्ली फिरली. कान मागे उडाले. राजा नगरप्रदक्षिणेला निघाला!

"थांब! चोरा! कुत्रा पळवला हो!" रेनकोटाची टोकं सावरत आप्पा धावले.

'चोर' शब्द ऐकताच सारी गल्ली मदतीला आली. देव माणसाला किती चांगलं मन देतो! फक्त ते वापरण्याआधी चौकशी करायची बुद्धी तेवढी जरा कमी देतो. दोन वजनदार स्वारांच्या ओझ्याने स्कूटर मुळातच रडतखडत चालली होती. दूधवाल्याने कॅन आडवा टाकून ती पहिल्याच वळणावर थांबवली. वाहतुकीचा हवालदार शिट्टी फुंकत आला.

"कुत्रा कोणाचा?"

"माझा!" आप्पा धापा टाकत म्हणाले. "फिरवायला दिला, तर हा... हा..."

"फिरवतोच आहे की!" व्हॅनवाला भडकला. "चोर कुणाला म्हणता साहेब? रोज फिरवतो. तळं, पूल, कारखाना!"

"गाडीवरून?"

"मग? माझ्या पोरांना मी संध्याकाळी फिरवून आणतो, ते काय पायी हाकत नेतो? गाडीवरूनच फिरवतो ना! आणि मी तर विचारलं होतं, कुत्रं चालवू का? तुम्ही म्हणालात, चालवायचं नाही! तो शब्द उंबऱ्याच्या आत नको!"

गर्दी आप्पांकडे वळली. हवालदाराने विचारलं, "असं म्हणाला होतात?"

आप्पांचे ओठ हलले. नाही म्हणायला काय जात होतं? पण चुकीचं विधान डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली होती.

"म्हणालो होतो," ते पुटपुटले.

"मग याच्यावर गुन्हा कसला लावू? व्याकरणाचा?"

दूधवाल्याला तर स्वर्ग दोन बोटं उरला. "आप्पा, तुमच्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही हो! फक्त अर्थ तेवढा चुकला!"

सगळी गल्ली हसली. आणि त्या हसण्यातच एक रिक्षा येऊन थांबली. तीतून लेक उतरली. तिने रेनकोट पाहिला. स्कूटर पाहिली. स्कूटरवर अजून तसाच ऐटीत बसलेला, खाली उतरायचं नाव न काढणारा, पंजे गुलाबी झालेला कुत्रा पाहिला.

"बाबा!"

आप्पांनी मान खाली घातली. टोपी घसरून नाकावर आली, ती त्यांनी तशीच राहू दिली. "ने त्याला," ते टोपीच्या आतून म्हणाले. "फक्त दुपारी जरा वाचून दाखवत जा. त्याला सवय आहे."

लेकीचा राग तिथेच वितळला. पण लेक आप्पांचीच होती, तिने ते दाखवलं नाही.

"पुढच्या तपासणीपर्यंत तुमच्याकडे ठेवते. एका अटीवर. माणूस नाही, गाडी नाही. रोज तुम्ही स्वतः त्याला चालवायचं."

"फिर..." आप्पांनी टोपी वर केली, सवयीने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"चालेल ना?"

गर्दी कान टवकारून उभी. दूधवाला तर एका पायावर. आप्पांनी डोळे मिटले, सगळ्या शब्दकोशांची मनोमन क्षमा मागितली आणि म्हणाले,

"चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पट्टा धरून निघाले. स्वल्पविराम कोपऱ्यापर्यंत दुडुदुडु आला, स्कूटर उभी असायची त्या जागी गेला आणि बसला. आप्पांनी ओढलं. त्याने आप्पांकडे पाहिलं, आप्पा इतकी वर्षं दूधवाल्याच्या पाटीकडे जसं बघत अगदी तसंच!

"काय आप्पा, कुत्रा फिरवताय?" दुकानातून प्रश्न आला.

"नाही हो," आप्पा घाम पुसत म्हणाले, "चालवतोय!"

"बरं बरं! आमची नवी पाटी बघितलीत का?"

आप्पांनी वर पाहिलं. ताज्या रंगात लिहिलं होतं, 'दुकान दूपारी बंद राहिल'. त्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. पण पेन्सिल काढायची म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे कुत्र्याचं वजन. हात परत खाली आला.

"चालेल!" आप्पा दात खाऊन म्हणाले. "'दूपारी' चालेल! 'राहिल' चालेल! सगळं चालेल!"

आणि मंडळी, त्या दिवसापासून आप्पांना खरोखरच सगळं चालू लागलं. चालेना तो फक्त स्वल्पविराम!