वरच्या मजल्याची संमती

ऐक, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. आपली भिंगरी, संशोधन केंद्रातली, जी बसल्या जागीसुद्धा धावत असते, तिने महिन्यापूर्वी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, "हे परदेशी अनुदान मी आणणार. लिहून ठेवा."

अनुदान कशासाठी, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बंदरातल्या कारकुनाच्या पत्रांसाठी. पठ्ठ्याने जन्मभर पत्रं लिहिली आणि ती जहाजांबरोबर जाऊन तीन देशांतल्या तीन ग्रंथालयांत पडली. तिघांनी मिळून फोटो काढायचे, कॉम्प्युटरने ते अक्षर वाचायचं, मग जगात कुणीही घरबसल्या शोधावं. मिळालं तर तीन वर्षांचं काम. नाही मिळालं तर पत्रं परत तळघरात, केंद्राला कुलूप आणि भिंगरी घरी.

अडचण एकच होती. कॉम्प्युटरला अक्षर शिकवायचं तर हाताने लिहिलेलं पान आणि त्याचाच टाइप केलेला मजकूर, अशा जोड्या हजारोंनी लागतात. कारकुनाच्या जोड्या होत्या साठ. त्याही तिच्या सरांनी चार वर्षं डोळे फोडून केलेल्या.

तेव्हा तिला काका आठवले. ती काकांकडेच राहते, दुसऱ्या मजल्यावर. काकांचं अक्षर थेट त्या कारकुनासारखं, मुंग्यांची शाळा सुटल्यासारखं. आणि तीस वर्षं ते वरच्या मजल्यावरच्या अण्णांना तक्रारी लिहितायत. हाताने लिहिलेलं पत्र अण्णांच्या दारात, टाइप केलेली प्रत इमारतीच्या सेक्रेटरींना, दोन्हींची नक्कल कपाटात. तीन हजार जोड्या, तारीखवार! तिने सगळ्या कॉम्प्युटरला चारल्या.

"अगं, पण हे भांडणाचं आहे," सर म्हणाले.

"अक्षराशी मतलब, सर. मशीनला काय कळतंय कोण कुणावर चिडलंय."

मशीनला तेवढंच कळलं होतं, हे तिला समितीसमोर समजलं.

सकाळी अकरा वाजता पडद्यावर तीन देशांतली माणसं चौकोनांत येऊन बसली. अध्यक्षबाई तिकडच्या, पण आपली भाषा पुस्तकांतून शिकलेल्या. भिंगरीने कारकुनाचं पत्र लावलं, बटण दाबलं. पडद्यावर मजकूर उमटला: 'महोदय, आपल्या कुंड्यांतील पाणी पुन्हा आमच्या चादरींवर पडले आहे.'

"जहाजावर कुंड्या होत्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सर पुढे सरकले. "लांबचा प्रवास, मॅडम. ताजी भाजी लागते."

दुसरं पत्र. 'लिफ्टचे दार उघडे ठेवणे हा आपला स्वभाव झाला आहे.'

"माल चढवायची काहीतरी सोय असणार," सर म्हणाले, पण आवाज निम्मा झाला होता.

तिसरं पत्र. 'आपली स्कूटर.' पुढचं वाचायची गरजच पडली नाही. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

भिंगरी उठून उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, ही कारकुनाची पत्रं नाहीत. आमच्या काकांची आहेत." आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "मशीन चुकलं कारण मी घाई केली. मला कारकुनाची हजार पानं टाइप करू द्या. मशीन सुधारेल. मी सोडणार नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "एकाच इमारतीतील तीस वर्षांची पत्रे, तारखेसह, दोन प्रतींत? असा संग्रह मी पाहिलेला नाही. कारकुनासह हाही घ्यावा. मात्र नियमानुसार पत्र लिहिणारा आणि ज्यास लिहिले तो, दोघांची लेखी संमती हवी. आज पाच वाजेपर्यंत."

भिंगरी घरी पळाली. काकांनी वाचायच्या आत सही केली. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दखल घेतली," म्हणाले. डोळे पाणावले बिचाऱ्यांचे.

ती वर गेली. अण्णांनी फॉर्म दोनदा वाचला. "सही करतो. पण माझी उत्तरंही जातील. एकोणतीसशे आहेत."

"एकोणतीसशे?"

"शंभर पत्रं मी उत्तर द्यायच्या लायकीची समजली नाहीत."

ती खाली आली. काका म्हणाले, "त्याची उत्तरं जाणार असतील तर माझं नाव खोड. माझ्या पत्रांखाली त्याची बडबड नको."

वर गेली. "मग त्याच्याखाली मीही नको," अण्णा म्हणाले. खाली, वर, खाली. सव्वाचार, साडेचार. पावणेपाचला ती जिन्याच्या मधल्या वळणावर बसली, मांडीवर फॉर्म, पायांत गोळे. तेवढ्यात तिची नजर एका रकान्यावर गेली: सहभागी संस्था, आणि पुढे संचालकाची सही. तीन ग्रंथालयांच्या नावांखाली चार ओळी रिकाम्या होत्या.

तिने लिहिलं, चौथी संस्था: दुसरा मजला. पाचवी संस्था: तिसरा मजला.

"म्हणजे मी संचालक?" काकांनी विचारलं.

"स्वतंत्र संस्थेचे. कुणाच्या खाली नाही, कुणाच्या वर नाही."

दोन मिनिटांत दोन सह्या झाल्या. अण्णांनी तर सहीखाली तारीख आणि वेळही घातली. चार सत्तावन्नला फॉर्म गेला. महिन्याभरात पत्र आलं, अनुदान मंजूर. भिंगरी खरंच जिंकली.

आता दर सोमवारी पाच संस्थांची बैठक असते. तीन देशांतले लोक वेळेवर येतात. कारकुनाचं एकही पान अजून उघडलेलं नाही, कारण पाचही संचालकांनी मागच्या बैठकीचा वृत्तांत मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असा नियम आहे. आणि पहिल्या बैठकीच्या वृत्तांतावर दुसऱ्या मजल्याची हरकत आहे. लेखी. दोन प्रतींत. तिसऱ्या मजल्याने त्या हरकतीला उत्तर दिलंय.

काल भिंगरी मला विचारत होती, दुसरं काय करता आलं असतं? आता तू सांग, त्या जिन्यात पावणेपाचला तू काय केलं असतंस?