प्रज्ञाचा दंड आणि माझं सर्टिफिकेट

दंडाचा तो कागद मी ट्रॅफिक खात्याच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी त्याच्या नीट चार घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि घरी नेला. (मी ऑफिसात फायलिंग क्लार्क होतो. कागद टाकणं मला जमत नाही.)

सन दोन हजारचा जून महिना होता. आम्ही शारजात रोल्लाजवळ राहायचो. मी, बायको प्रज्ञा आणि दहा वर्षांची संजना. मी दुबईतल्या देऱ्याच्या एका शिपिंग कंपनीत कंपनीच्या बसने जायचो. आमची जुनी पांढरी गाडी प्रज्ञा चालवायची, कारण ती दुबईत ऊद मेथाच्या शाळेत गणित शिकवायची आणि संजना त्याच शाळेत होती. दरवर्षी गाडीचा मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, नवं करायला लागायचं. त्याआधी इन्शुरन्स आणि साठलेले दंड. त्या वर्षी एकच दंड निघाला. शारजा-दुबई रस्ता, मर्यादा शंभर, रडारने पकडलेला वेग एकशे एकतीस, वेळ सकाळी सहा पन्नास.

सहा पन्नास! रोज त्याच वेळी प्रज्ञा त्याच रस्त्यावर असायची. मला आणखी काही बघायची गरजच वाटली नाही.

घरी आल्यावर मी चहासुद्धा न घेता कागद टेबलावर पसरला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कागद," प्रज्ञा म्हणाली.

"एकशे एकतीस, प्रज्ञा. मुलगी मागे बसलेली असताना एकशे एकतीस!"

"अहो, मी कधीच इतक्या जोरात नाही चालवत."

"मग काय गाडी एकटीच गेली?"

संजनाने पुस्तकातून मान वर केली. "नॉट पॉसिबल, बाबा. मम्मीला सिमेंटचे ट्रकपण ओव्हरटेक करतात."

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

इथे एक कबूल करतो. प्रज्ञाला लायसन सातव्या खेपेला मिळालं होतं. सहा वेळा ती टेस्टहून घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडली होती. सातव्या वेळी पास झाली तेव्हा तिने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. तेव्हापासून ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मंगळसूत्र दातात पकडून गाडी चालवायची. जिच्या मागे रोज सकाळी अर्धं शारजा हॉर्न वाजवत असायचं, तिने एकशे एकतीस गाठले हे मला खरं वाटलं कसं, देव जाणे. पण त्या दिवशी मी पाऊण तास बोललो. रस्ता, आयुष्य, जबाबदारी, सगळ्यावर बोललो.

ती भांडली नाही. उठली आणि गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवसापासून मायलेकी पावणेसहाला खाली उतरून शेअर टॅक्सीने शाळेत जायला लागल्या. खिडकीतून मला दिसायचं, संजना उभ्याउभ्या आईच्या खांद्यावर झोपलेली असायची. मला वाईट वाटायचं. (पण चूक तिची असल्यामुळे मी ते वाईट वाटणं मोठ्या मनाने सोसत होतो.)

इन्शुरन्सचं काम आमच्याकडे लियाकतभाई करायचे. मूळचे श्रीवर्धनचे. रोल्लात एका टेलरच्या वर त्यांचं दोन खुर्च्यांचं ऑफिस. त्यांनी दंडाचा कागद बघून जीभ चावली.

"नाचणकर, हा वेग कंपनीला कळला तर प्रीमियम पंचवीस टक्के चढणार. पावणेचारशे दिरहम जास्त."

"म्हणजे साडेचार हजार रुपये!" मी ओरडलो.

"पण कंपनीनं या वर्षी स्कीम काढलीय. वेगाबद्दलचा एक क्लास असतो, गुरुवारी सकाळी. मालकानं नाहीतर ड्रायव्हरनं, कुणीही एकानं बसायचं. सर्टिफिकेट आणलं की चढलेलं माफ, वर दहा टक्के सवलत. हबीबी, यात फायदाच फायदा."

त्यांनी फॉर्म पुढे केला. 'वेगमर्यादा मोडताना गाडी कोण चालवत होतं?' या रकान्यात मी ठळक अक्षरांत प्रज्ञाचं नाव लिहिलं. क्लासला मात्र मी स्वतः जायचं ठरवलं. बायकोचा अपराध नवऱ्याने निस्तरायचा, या विचाराने माझं मलाच भरून आलं.

क्लास एका ड्रायव्हिंग स्कूलच्या हॉलमध्ये होता. तीसेक माणसं. शिकवणारे नूरुद्दीन सर केरळचे, वीस वर्षं ट्रेलर चालवलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी प्रत्येकाला उभं करून एकच प्रश्न विचारला, "जल्दी क्या था?"

एक टॅक्सीवाला म्हणाला, पॅसेंजरचं विमान होतं. एक इंजिनिअर म्हणाला, साइटवर काँक्रीट थांबलं होतं. माझी पाळी आली. मी शर्ट नीट केला.

"सर, मैं अपने लिए नहीं आया. मेरी मिसेस ने स्पीड किया. टीचर है, सुबह स्कूल की जल्दी रहती है. मैंने उनको माफ किया और खुद आ गया."

मागे दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी मान थोडी झुकवली. नूरुद्दीन सरांनी चष्मा लावून यादी वाचली.

"सात एप्रिल. सुबह छे पचास." मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन त्यांनी पानं उलटली. "फ्रायडे. मिसेस का स्कूल फ्रायडे को खुला रहता है?"

त्या काळी तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. शुक्रवारी सगळा देश झोपलेला असतो. सात एप्रिलच्या शुक्रवारी सहा पन्नासला प्रज्ञाही झोपलेली होती.

गाडीत मी होतो.

उभ्याउभ्या मला सगळं आठवलं. आधीच्या शुक्रवारी मी देऱ्याच्या मासळी बाजारात उशिरा पोचलो होतो आणि हातभर सुरमई माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पिशवीत गेली होती. म्हणून या शुक्रवारी मी अंघोळ न करता निघालो होतो. रस्ता मोकळा, खिडक्या उघड्या, मी गाणं म्हणत होतो. वाटेत काहीतरी लखकन चमकलंही होतं. मला वाटलं, सूर्य.

"तो गाडी कौन चलाया?" सरांनी विचारलं.

"मैं, सर."

"एमर्जन्सी क्या था?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण तीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला काही सुचेना.

"फिश, सर."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. टॅक्सीवाल्याने तर बाकावर डोकं टेकलं. नूरुद्दीन सर मात्र हसले नाहीत. जवळ येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "भाई, फिश तो मरा हुआ था. उसको कोई जल्दी नहीं था."

मग त्यांनी टायरच्या खुणा दाखवल्या, फोटो दाखवले, शंभराच्या पुढे गाडी थांबायला किती अंतर लागतं ते सांगितलं. मला टॅक्सीची वाट बघत उभ्याउभ्या झोपणारी संजनाच दिसत होती. शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. मलाही.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. प्रज्ञा वह्या तपासत बसली होती.

"काय शिकवलं?" तिने विचारलं.

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. टाळ्यांसकट, सुरमईसकट. तिच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

"म्हणजे मी नव्हते?" ती म्हणाली.

"नाही."

"अहो, मला वाटायला लागलं होतं की मीच असेन. टॅक्सीत बसून रोज आठवत होते, कुठे माझा पाय जोरात पडला असेल. संजना मागे होती का तेव्हा, तिने बेल्ट लावला होता का..." तिने पेन खाली ठेवलं. "सहा वेळा नापास झालेय ना मी. मला वाटलं, चुकून पास केलं असेल त्यांनी."

ती ओरडली असती, तिने वही फेकून मारली असती, तर मी सुटलो असतो. मी फक्त "चुकलं माझं" एवढंच म्हणालो आणि तेही नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे.

थोड्या वेळाने ती उठली. खिळ्यावरची किल्ली काढली. "चला, लियाकतभाईंकडे. फॉर्मवर माझं नाव लिहिलंय ना तुम्ही?"

तिनेच गाडी चालवली. वाटेत चार हॉर्न ऐकले. एकदाही मी काही बोललो नाही.

लियाकतभाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, फॉर्म वर कंपनीत गेला! आता बदलायचा म्हणजे पहिलं खोटं होतं असं लिहून द्यायला लागेल. मग कसली सवलत? सर्टिफिकेट आहे ना हातात? गप्प बसा, खलास. वहिनींच्या नावावर एक डाग, काय मोठंसं?"

प्रज्ञा समोरच्या भिंतीकडे बघत होती, टेस्टच्या निकालाची वाट बघताना बघायची तशी.

"नवा कागद द्या," मी म्हणालो. आणि लिहिलं की गाडी मी चालवत होतो, आधीची माहिती चुकीची होती, माझ्या पत्नीचा यात काही संबंध नाही. खाली 'नीलेश नाचणकर' अशी सही केली.

लियाकतभाईंनी कागद दोनदा वाचला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पॉलिसी वहिनींच्या नावानं मागून बघतो. त्यांचं रेकॉर्ड कोरं आहे. इन्शाल्ला, काहीतरी होईल."

आठवड्याने पाकीट आलं. प्रीमियम गेल्या वर्षीपेक्षा दीडशे दिरहम कमी! मुख्य ड्रायव्हर, सौ. प्रज्ञा नाचणकर. मला इतका आनंद झाला की मी जेवणाच्या टेबलावर खरेपणाचं महत्त्व यावर दोन शब्द बोलायला सुरुवात केली. माणसाने मोकळेपणी चूक कबूल केली की जगही कसं...

"बाबा, वेट," संजना म्हणाली. ती पॉलिसीचं मागचं पान वाचत होती. "इथे लिस्ट आहे. ज्याने डॅमेज झालं तर कंपनी पैसे देणार नाही, त्याची."

"वाच की," मी म्हणालो. "माहिती असलेली बरी."

ती एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. "वॉर. रायट. फ्लड. अर्थक्वेक." बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आणि पाचवं?" मी विचारलं.

"मिस्टर नीलेश नाचणकर," संजना म्हणाली.