साहित्य : पत्ते तीस, चिंचोके तीनशे

बॅग जवळजवळ भरून झाली होती. रखमाने ओवीच्या दुपट्याच्या घडीत पत्त्यांचा कॅट सरकवला आणि बकुळा म्हणाली, "थांब जरा."

"आता काय राहिलं?"

"ते तिकडे चालतं का?"

"दुपटं?"

"कॅट."

रखमाने कॅट बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला, जणू त्याच्यावर कुठेतरी छापलेलं असेल. पलंगावर बसून लाडवांचा डबा चिकटपट्टीने बांधणाऱ्या अंबिकाने मान वर केली. "बाईंनी आता पत्त्यांचा पण पेपर काढला काय गो?"

बकुळाला सगळा मजला 'बाई' म्हणायचा. एकोणतीस वर्षं तिने ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. परळची जुनी चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला तेव्हा तिघींनी नेटाने एकाच मजल्यावर घरं मिळवली होती, आणि त्यामागचं खरं कारण दुपारी दोन ते चार हे होतं. त्या वेळात रखमाच्या घरी पाच-तीन-दोनचा डाव बसायचा. रखमा पोस्टात टपाल लावायच्या कामाला होती. तीस वर्षं गावोगावच्या खणांत पत्रं फेकून तिच्या बोटांना अशी सवय लागली होती की पान कुठलं आणि कोणाकडे गेलं हे तिला न बघता कळायचं. अंबिका डबे करून द्यायची आणि खेळताना उद्याच्या भाजीचा विचार करायची, त्यामुळे ती हरायची. हिशोब चिंचोक्यांत चाले. प्रत्येकीला शंभर चिंचोके, आणि महिनाअखेर जिच्याकडे सगळ्यांत कमी, तिने बाकी दोघींना कोथिंबीरवडी करून घालायची. गेले सात महिने अंबिकाच्या वड्या चालू होत्या.

आता तिघी निघाल्या होत्या रखमाच्या मुलाकडे, आखातात. गौतमची मुलगी ओवी दहा महिन्यांची झाली होती आणि रखमाने तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. "आई एकटी विमानात बसायची नाही," गौतम म्हणाला होता. "मावशी, तुम्ही दोघी तिला घेऊन या." रविवारचं विमान होतं. व्हिसा या आठवड्यात यायचा होता.

"हे बघ," बकुळाने फोन पुढे केला. "बाहेरच्या देशात पैसे किंवा पैशाची किंमत असलेली वस्तू लावून खेळलं तर तो जुगार धरला जाऊ शकतो. घरात, आपापसात खेळलं तरी. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जाण्याआधी खात्री करून घ्यावी, असं लिहिलंय."

"चिंचोक्याला काय गो किंमत?" अंबिका म्हणाली.

"चिंचोक्याला नाही. कोथिंबीरवडीला आहे."

अंबिकाने डब्यावर चिकटपट्टीचा आणखी एक वेढा मारला.

"माझ्या वडीपायी कोण पोलीस मला धरायचा नाही," अंबिकाने निकाल दिला. "आला तर दोन खाऊन जाईल."

"म्हणजे पंधरा दिवस खेळायचंच नाही?" रखमाने विचारलं. तिचा आवाज इतका पडला की बकुळाला राहवलं नाही.

"मी विचारून घेते," ती म्हणाली.

शंका आली की हात वर करा, असं तिने एकोणतीस वर्षं वर्गात सांगितलं होतं. त्याच दुपारी तिने त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीला ईमेल लिहिली, आणि नेमकं लिहायचं तर तिला एकच पद्धत ठाऊक होती. उद्देश : पाच-तीन-दोन हा खेळ आपल्या देशात खेळता येईल का, हे तपासणे. साहित्य : पत्ते तीस, चिंचोके तीनशे. कृती : हिच्यात हुकूम बोलण्यापासून वडी तळण्यापर्यंत सगळं आलं. खेळाडू तीन, त्यांची पूर्ण नावं, पासपोर्टचे नंबर. स्थळ : गौतमचं राहतं घर, मजला, फ्लॅट नंबर, आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या कंपनीचं नाव. वेळ : दुपारी दोन ते चार, तिथल्या घड्याळाप्रमाणे. पुन्हा एकदा वाचून तिने एक स्वल्पविराम हलवला आणि ईमेल पाठवून दिली. चांगलं काम केल्यावर येते तशी झोपही तिला लागली.

मंगळवारी हर्षवर्धनचा फोन आला. हिंदमाताला साड्यांच्या दुकानावर त्याचं ट्रॅव्हलचं ऑफिस होतं. "काकू, तुमचा आणि अंबिकाकाकूंचा व्हिसा आला. रखमाकाकूंचा अंडर प्रोसेस दाखवतोय."

"का रे?"

"होतं असं कधी कधी. बघतो मी. कोणी कम्प्लेंट-बिम्प्लेंट केली नाही ना त्यांची?" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

बकुळा हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ईमेलमध्ये खेळाडूंच्या यादीत पहिलं नाव रखमाचं होतं.

संध्याकाळी तिने ईमेल नवऱ्याला दाखवली. रामदास कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग चष्मा काढून ठेवला.

"बकुळा, हा पंचनामा आहे."

"अहो, अर्ज आहे."

"आरोपींची नावं आहेत, घटनास्थळ आहे, मुद्देमाल आहे. फक्त गुन्हा व्हायचा राहिलाय. रखमाचं नाव पहिलं का टाकलंस?"

"तिच्या घरी खेळतो ना आम्ही. यजमान म्हणून."

"त्याला कायद्यात यजमान नाही म्हणत. अड्डा चालवणारी म्हणतात."

बकुळा स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच धुतलेली पातेली पुन्हा धुतली. मग बाहेर येऊन तिने दुसरी ईमेल लिहिली. पहिली ईमेल रद्द समजावी. असा कोणताही खेळ होणार नाही, पूर्वीही विशेष होत नसे. तरी रखमाचा व्हिसा तिच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून तिने शेवटी एक ओळ घातली : श्रीमती रखमा यांना पत्त्यांचा कोणताही खेळ येत नाही.

प्रयोगात आकडे जुळले नाहीत की मागून भरणाऱ्या मुलांच्या वह्या तिने वर्गासमोर परत केल्या होत्या. एकेकाला रडवलं होतं. आता स्वतःच्या सहीने तिने तेच केलं होतं, आणि तेही परदेशी सरकारला.

बुधवारी दुपारी डाव बसला तेव्हा रखमाचं लक्ष नव्हतं. तिने हुकमाचा एक्का अंबिकाच्या सत्तीवर टाकला. वर झालेला हात उचलायलाही ती विसरली. अंबिका घाबरली.

"बरं वाटत नाही काय गो तुला?"

"गौतमचा फोन होता सकाळी," रखमा म्हणाली. "त्याला उद्या कंपनीत एचआरने बोलावलंय. म्हणे, आईचे सगळे कागद घेऊन या. आईचे कागद कशाला हवेत त्यांना? माझा व्हिसा अडकलाय, त्याला तिकडे बोलावलंय. काहीतरी आहे."

बकुळाच्या हातातली पाच पानं तिला दिसेनाशी झाली.

"ओवी फोनवर माझ्या तोंडाला हात लावायला जाते," रखमा चिंचोके एका रांगेत लावत म्हणाली, "आणि तिचं बोट लागलं की फोन बंद होतो. रोज. मी म्हटलं, आता एकदाचा खरा लागेल हात."

यानंतर गप्प बसणं शक्य नव्हतं. बकुळाने पानं पालथी ठेवली. "रखमा, मी एक काम केलंय," ती म्हणाली आणि दोन्ही ईमेल उघडून फोन तिच्यापुढे ठेवला.

रखमाने पहिली ईमेल पाकिटावरचं अस्पष्ट अक्षर लावावं तशी सावकाश वाचली. इंग्रजी तिला पोस्टापुरतं यायचं, पण हे पोस्टापुरतंच होतं : नाव, घर, मजला. अंबिका तिच्या खांद्यावरून बघत होती आणि मधेच म्हणत होती, "वडी पण लिहिली? तळण्यासकट?"

बकुळाने दोघींकडे बघायचं टाळलं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तिथेही तिला बघवेना. शेवटी तिने पंख्याकडे पाहिलं.

"गौतमच्या कंपनीचं नाव दिलंस," रखमा म्हणाली.

"हो."

"फ्लॅटचा नंबर पण."

"हो."

"ते एक समजलं. चूक झाली." रखमाने बोटाने दुसरी ईमेल वर सरकवली. "पण हे काय आहे? मला पत्ते येत नाहीत?"

"तुला वाचवायला लिहिलं गं."

"मला? पत्ते येत नाहीत? सात महिने कोणाच्या वड्या चालल्यात?"

"अगं, घाबरून..."

"अंबिकेला येत नाहीत असं लिहायचंस. ते निदान खरं तरी झालं असतं."

"माझ्यावर कशाला घसरतेस?" अंबिका म्हणाली.

तेवढ्यावर कोणी हसलं असतं तर बकुळाला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण रखमा पानं गोळा करू लागली. तीसच्या तीस पानं एकसारखी करून तिने कॅटवर रबर चढवलं. "हे बघ बकुळा," ती शांतपणे म्हणाली, "ओवीला बघायला नाही मिळालं, तरी मी तुला काही बोलणार नाही. चाळीस वर्षांची सोबत आहे."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बकुळाने दोन्ही हातांनी घेतल्या असत्या.

गुरुवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी बकुळा हिंदमाताला हर्षवर्धनच्या जिन्यात उभी होती. तो चावी लावत होता तेव्हाच तिने सांगायला सुरुवात केली. वकिलात, चिंचोके, कोथिंबीरवडी, पहिलं नाव, खोटी ओळ. "माझा व्हिसा रद्द झाला तर होऊ दे," ती म्हणाली. "लिहून देते. चूक माझी आहे, तिची नाही."

हर्षवर्धनने आधी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग कॉम्प्युटर उघडला. "काकू, रखमाकाकूंचा फोटो रिजेक्ट झालाय. चष्म्यावर ट्यूबलाइट चमकतेय. हे बघा, डोळेच नाहीत. काल मेसेज टाकला मी त्यांना, नवीन फोटो पाठवा म्हणून."

"तिने पाहिला नाही?"

"नसेल. फोन करून सांगावं म्हटलं, तर तो सारखा बिझी असतो त्यांचा."

का, ते बकुळाला माहीत होतं. पलीकडून ओवी बोट लावून बंद करायची आणि रखमा पुन्हा लावायची.

फोटो दुपारी काढला, चष्म्याशिवाय. शुक्रवारी सकाळी व्हिसा आला. गौतमला एचआरने बोलावलं होतं ते पाहुण्या आईच्या विम्याचा फॉर्म भरायला. म्हणजे बकुळाच्या ईमेलने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. ती कोणी वाचलीसुद्धा नसावी, असं तिने स्वतःला सांगितलं आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

पावणेदोनला वकिलातीचं उत्तर आलं.

लपवायची तिची छाती नव्हती. ती फोन घेऊन तशीच रखमाकडे गेली. अंबिका आधीच बसलेली होती. "मोठ्याने वाच," रखमा म्हणाली.

बकुळा वाचून मराठीत सांगू लागली. "आपल्या दोन्ही पत्रांबद्दल आभार. इतकी सविस्तर विचारणा आमच्याकडे यापूर्वी आलेली नाही. कायद्याचा सल्ला देणं आमचं काम नव्हे. तरी काहीही न लावता घरच्यांनी घरात पत्ते खेळावेत का, असं आजवर आम्हांला कोणी विचारलेलं नाही. पैज मात्र नको. कोथिंबीरवडी आधीच करून खावी, असं सुचवतो."

"शहाणा माणूस आहे," अंबिका म्हणाली.

"साहित्याच्या यादीतील बाब क्रमांक दोनबद्दल मात्र..." बकुळा थांबली.

"वाच ना."

"चिंच या झाडाच्या तीनशे बिया आपण आणू इच्छिता असं दिसतं. बियाणं परवानगीशिवाय देशात आणता येत नाही. त्यासाठी रोपं आणि बिया निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. तो नसल्यास बिया जप्त होतील आणि आणणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. कृपया त्या घरीच ठेवाव्यात."

स्टीलच्या डब्यात चिंचोके होते, वर्षानुवर्षं हाताळून काळे कुळकुळीत झालेले. बकुळा त्यांच्याकडे बघत राहिली. चिंचेच्या बीचं कवच कठीण असतं, त्यामुळे ती दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकते, हे वाक्य तिने एकोणतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. परीक्षेत ते दोन मार्कांना यायचं. वडीपर्यंत सगळं तिला सुचलं होतं. बी ही बी आहे, एवढंच सुचलं नव्हतं.

"म्हणजे पत्त्याने नाही," अंबिका हळूच म्हणाली, "चिंचोक्याने धरलं असतं तिघींना. बाईंच्या विषयात."

बकुळाने तोंड पदरात घेतलं. "पुढे नका विचारू."

"पुढे पण आहे?" रखमाने फोन काढून घेतला. शेवटची ओळ तिने स्वतःच अक्षर लावत वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर बुधवारपासून नसलेलं काहीतरी परत आलं. त्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं : आपल्या दुसऱ्या पत्रावरून कळतं की श्रीमती रखमा यांना पत्ते येत नाहीत. प्रवास मोठा आहे. त्यांना शिकवावं.

चिंचोक्यांचा डबा रामदासांच्या ताब्यात गेला. अंबिकाने पर्समधून बटणांची पुडी काढली. ही बटणं कोणाच्या बागेत उगवणार नाहीत, अशी तिने खात्री दिली. दोन वाजले. रखमाने कॅटवरचं रबर काढलं आणि सगळी पानं बकुळापुढे सरकवली.

"शिकव," ती म्हणाली.

"रखमा, पुरे गं."

"पुरे काय? सरकारी पत्र आहे. शिकव."

बकुळाने पानं पिसून अंबिकाकडे वाटायला दिली. पाच हात करायची पाळी बकुळाची होती. रखमाने आपली पानं उलटी धरली, मग एक पान लांब करून न्याहाळलं.

"बाई, हे लाल-लाल काय असतं?"

"बदाम," बकुळा जमिनीकडे बघत म्हणाली.

"आणि हे दाढीवालं?"

"राजा."

"तो मोठा की एक्का मोठा? मला काही येत नाही, म्हणून विचारलं."

"एक्का," बकुळा म्हणाली, आणि रखमाने तो तिच्या राजावर टाकून पहिला हात उचलला. त्यानंतर तिने आणखी सहा उचलले, प्रत्येक वेळी, "हे माझं झालं का हो बाई?" असं विचारून. आणि स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असल्यामुळे बकुळाला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागलं, "हो. तुझंच झालं."