सर्वांत कमी उजेड

तांडेल मॅडम चिकटपट्टी विकत घेण्याआधी ती स्वतःच्या मनगटावर चिकटवतात, सर्रकन ओढतात आणि मग डिंकाचा वास घेतात. बोईसरच्या दुकानदारांनी याला हरकत घेणं कधीच सोडलंय. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मॅडमचा पार्सलचा धंदा आहे का. मी सांगितलं, आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. "तरीच," तो म्हणाला.

मी मराठी शिकवतो. माझा वर्ग त्यांच्या प्रयोगशाळेला लागून असल्यामुळे मला त्यांचं काम गरजेपेक्षा जास्त ठाऊक आहे. एका काळ्या चकचकीत स्फटिकाला चिकटपट्टी लावायची, ओढायची, परत लावायची, परत ओढायची. असं करत शेवटी एकाच थराची पापुद्री उरते. तिच्यापुढे कांद्याचं सालही गोधडी वाटावं. ती बारीक खुंट्या असलेल्या काचेवर पसरायची. खुंटीवर टाकलेली ओली साडी जशी टोकाला ताणते, तशी ती ताणते. मग तिला भयंकर थंड करून लेझर मारला की त्या ताणलेल्या टोकातून उजेडाचे कण बाहेर पडतात. ते एका वेळी एकच पडले पाहिजेत. दोन जोडीने आले की मेहनत वाया.

याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. अशा एकेका कणावर निरोप पाठवला तर वाटेत कोणी डोकावलं की लगेच कळतं, असं त्या म्हणाल्या. आमच्या स्टाफरूममध्ये हे यंत्र टिकायचं नाही, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"कमी करा" हा त्यांचा मंत्र. पंखा कमी करा, कारण पापुद्री उडते. चपला काढा, कारण जमीन हलते. एकदा मी वीररसाची कविता शिकवत असताना त्या दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा शिवरायांचा घोडा माझ्या सूक्ष्मदर्शकात येतोय. जरा चालवत न्या."

कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात मोठा प्रेस चालायचा. त्याच्या दणक्याने त्यांची भिंगं हलत. तो थांबतो कधी, हे विचारायला त्या थेट गेटवर गेल्या. सोबत मला नेलं. सुपरवायझरने विचारलं, मॅडम, कॉलेज में क्या बनाते हो?

"रोशनी."

"कितनी?"

"सबसे कम."

ज्याचा जन्म उत्पादन वाढवण्यात गेला त्या माणसाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ सांगून टाकली. तेव्हापासून कामगार जेवायला बसले की मॅडम कामाला बसत.

नमुने तपासायला मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत जात. अशी कित्येक वर्षं गेली. उत्तर कधी 'काहीच नाही', कधी 'दोन-दोन येतात'. मग मागच्या दिवाळीनंतर एक दिवस त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या, कडवं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "एकेकच निघतोय." मला वाटलं, वर्गातून पोरं पळताहेत.

प्राचार्यांनी ताबडतोब समारंभ ठरवला. अडचण एकच होती. तो उजेड मुंबईत, आणि डोळ्यांना न दिसणारा. मंडपवाल्याकडून थर्माकोलच्या पेटीत हिरवा दिवा बसवून प्राचार्यांनी ती सोडवली. पाहुण्या पुढाऱ्यांनी बटण दाबलं, सभागृह हिरवंगार झालं, टाळ्या पडल्या. यावर किती गावं उजळतील, असं त्यांनी माइकवरून विचारलं. मॅडम उठल्या, त्यांनी प्लग उपटला आणि माइक हातात घेतला. "हा तो उजेड नाही," त्या म्हणाल्या. "तो दिसत नाही." आणि जागेवर जाऊन बसल्या.

आठवडा संपायच्या आत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना जागा कमी पडू लागली, म्हणून प्राचार्यांनी मॅडमची प्रयोगशाळा त्यासाठी घेतली आणि तिला कुलूप लागलं. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. त्या रजेवर गेल्या. फोन उचलेनात, म्हणून मी पत्ता काढून सातपाटीला गेलो. त्यांना वडील आहेत, हेही मला तिथेच कळलं.

म्हातारबा ओटीवर जाळं विणत होते. जन्मभर बोट चालवलेला माणूस. डोळे गेल्यापासून बोटांच्या अंदाजानेच विणतात, असं शेजारणीने सांगितलं. मॅडम त्यांच्या पायाशी बसून समारंभाची हकीकत सांगत होत्या. मी कुंपणाशीच थांबलो.

"मंग तो उजेड दिसला कोनाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोनालाच नाय, बाबा."

"मोठ्या सायबाला?"

"नाय."

"तुला तरी?"

"मला बी नाय."

म्हाताऱ्याची बोटं थांबली. मग तो आवाज न करता हसला, कितीतरी वेळ. हात चाचपत त्याने लेकीचं डोकं शोधलं.

"मंग बरा हाय," तो म्हणाला. "आता सगला पयल्यापासून सांग."

मॅडम अजून जवळ सरकून बसल्या. मी सुकत घातलेल्या बोंबलांच्या आडून तसाच मागे फिरलो.