हेर ब्रान्ट यांचा डबा

जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यात श्रीपादने घर घेतलं, तेव्हा घराबरोबर मागचं गवताळ रान मिळालं आणि रानाबरोबर हेर ब्रान्ट, म्हणजे ब्रान्टसाहेब, मिळाले. गावच्या जमिनींवर शिकार करण्याचा हक्क या सत्तरीच्या गृहस्थांकडे होता. रानाच्या कडेला त्यांचं लाकडी मचाण होतं. ज्याच्या जमिनीवर शिकार करायची त्याला काहीतरी परत द्यायचं, ही त्यांची रीत. म्हणून दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात ते डबाभर हरणाचं मांस घेऊन दारात उभे राहिले.

श्रीपादच्या बायकोच्या, वसुधाच्या, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नसे. पण म्हाताऱ्याचा चेहरा इतका फुललेला होता की तिच्या तोंडून "डांके", म्हणजे धन्यवादच निघालं. मांस ऑफिसातल्या अनुपकडे गेलं. तो एकटा राहायचा आणि काहीही खायचा. प्रश्न उरला डब्याचा. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करणं वसुधाच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. तिने त्यात बेसनाचे लाडू भरले.

इथेच घोटाळा झाला. ब्रान्ट उतराई व्हायला आले होते, ते उलट उपकाराखाली दबून गेले. पुढच्या शनिवारी मोठा डबा आला. तो चिवडा भरून गेला. मग थेट रानडुक्कर आलं.

"वहिनी, माझ्या फ्रीजरचं दार लागत नाहीये," अनुपने फोनवर हात टेकले. "आता तुमच्याकडेच ठेवा."

"अरे, शनिवारी सासूबाई येतायत पुण्याहून! त्यांना काय सांगू, डुक्कर पाहुणं आलंय?"

"डबा रिकामा दे, म्हणजे थांबेल," श्रीपाद म्हणाला.

"मला नाही जमणार. तूच खरं काय ते सांग त्यांना."

"एवढ्या प्रेमाने आणतात गं. वाईट वाटेल."

शनिवारी बेल वाजली आणि दार नेमकं श्रीपादच्या आईने, यमुनाबाईंनी उघडलं. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि मुलाकडे पाहिलं. श्रीपादने एका दमात जर्मनमध्ये सांगून टाकलं की आम्ही मांस खात नाही, कधीच खात नव्हतो, माफ करा.

ब्रान्ट पायरीवर बसले.

"आल्झो, म्हणजे कसं आहे," ते हळूच म्हणाले, "मीही दोन वर्षांत काही मारलेलं नाही. हात थरथरतो. हे सगळं खाटकाकडून आणतो. मचाणावर नुसता बसतो आणि तुमचे लाडू खातो. पण काही दिलं नाही, तर तुमच्या रानात कुठल्या तोंडाने येऊ?"

श्रीपादने हे आईला मराठीत सांगितलं. यमुनाबाईंनी खिडकीतून मचाणाकडे पाहिलं.

"हा तर माळा! आपल्या शेतात माळ्यावर बसतो तो राखणदार. राखणदाराकडून कुणी काही घेतं का रे? त्याचं जेवण आपण पाठवायचं असतं. सांग त्यांना."

श्रीपादने सांगितलं. ब्रान्टना खरं वाटेना.

"या? खरंच, हो?" त्यांनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी तसंच," श्रीपाद म्हणाला, तेव्हा कुठे म्हातारा डोळे पुसत हसला.

पुढच्या शनिवारपासून यमुनाबाई नऊवारीवर मुलाचा जाड कोट चढवून मचाणाखाली डबा पोचवू लागल्या. महिन्याभराने अनुपचा फोन आला, "वहिनी, ते काका आजारी आहेत का हो? बऱ्याच दिवसांत डुक्कर नाही आलं."

डबा मात्र दर शनिवारी चाटूनपुसून रिकामा परत यायचा आणि वसुधाला त्याचं फार समाधान वाटायचं.