उजवीकडे, वरीलप्रमाणे

खाट क्रमांक सातवरील भागिरथाबाईंच्या पाठीला जखम झालेली आहे, ही बाब प्रथम केळ्यांमुळे उघडकीस आली.

१९७५ च्या फेब्रुवारीतली अठ्ठावीस तारीख. अनसिंगबाहेरच्या निराश्रित वृद्ध सेवा सदनात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त फळवाटप होतं. बावीस निवासी, बावीस केळी. फोटोवाल्याचं म्हणणं पडलं की केळं घेणारी व्यक्ती बसलेली पाहिजे, निजलेली असली तर फोटोचा रंग वेगळा होतो. म्हणून चौघांनी धरून भागिरथाबाईंना बसवलं. पाठीमागे उभे असलेले पुढारी केळं हातात घेऊन तसेच खोलीबाहेर गेले आणि बराच वेळ हातपंपापाशी उभे राहिले. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती. बाई दिवाळीत पडून कंबर मोडल्यापासून उताण्या होत्या, आणि उताणं पडलेल्या माणसाची पाठ कोणी बघत नाही, हे ओघानंच आलं.

जबाबदारी निश्चित करण्यासाठी तीन सदस्यांची चौकशी समिती नेमण्यात आली. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणून मी तिचा चिटणीस. म्हणून हे सगळं मला तारीखवार सांगता येतं.

पहिल्याच दिवशी सरकारी डॉक्टर आले. जखम साधारण महिन्याभराची आहे, असं त्यांनी लिहून दिलं आणि पट्टीसाठी कापूस मागितला. समितीच्या अध्यक्षसाहेबांनी त्यांचा हात धरला.

"डॉक्टर, हा पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत पुराव्याला कोणी हात लावायचा नाही."

भागिरथाबाई छपराच्या कवेलूंकडे बघत पडून होत्या. अंगात मूठभर जीव, पण आवाज खणखणीत. मी जवळ उभा होतो म्हणून मलाच म्हणाल्या, "बाबू, मले जरा कुशीवर करतं का? पाठ पेटून राह्यली."

मी अध्यक्षसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. कूस बदलल्यास घटनास्थळाची मूळ स्थिती बदलते, हे मी बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. पटलं असावं.

सदनाच्या नियमावलीत चौदावा नियम होता: हालचाल करू न शकणाऱ्या निवाशांची कूस दर दोन तासांनी बदलावी व तशी नोंद ठेवावी. सदनात सेविका एकच, चंदाबाई. तिचा जबाब मी घेतला.

"साहेब, मी एकली. बाविसांचा सयपाक मी, धुनं मी, कोनी मेलं तं सांगाले जानं बी मीच. मानूस कवा पालटवू? दोघं तिघं पायजे तिले उचलाले."

"पण नोंदी तर रोजच्या आहेत."

"नोंदी साहेबाकडं. माह्याकडं फकस्त म्हातारे."

साहेब म्हणजे व्यवस्थापक इंद्रभानजी. त्यांनी खाट सातची कूस-नोंदवही आदबीनं पुढे ठेवली. लाल कापडी बांधणी, पानोपानी गोल शिक्का. एक डिसेंबरपासून अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत नव्वद दिवस, रोजच्या बारा नोंदी, एकही रकाना कोरा नाही. इंद्रभानजी रोज सकाळी चहाबरोबर दिवसभराच्या बाराही नोंदी करून मोकळे होत. पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उजवीकडे वळविले.' त्याखाली, 'वरीलप्रमाणे.' आणि त्याखाली नव्वद दिवस, एक हजार ऐंशी ओळींपर्यंत, वरीलप्रमाणे.

अध्यक्षसाहेब बारीक नजरेचे. त्यांनी चष्मा पुसला. "इंद्रभानजी, बाई सगळ्या वेळा उजवीकडेच वळल्या?"

"हो साहेब."

"डावीकडे एकदाही नाही?"

इंद्रभानजींनी वही चाळून खात्री केली. "नाही साहेब. नोंद नाही."

इथं समितीपुढे पेच उभा राहिला. माणूस सतत एकाच बाजूला वळत गेला तर तो जागेवर राहत नाही, पुढे पुढे जातो. हे सतरंजीलाही लागू आहे. पण बाई तर खाटेवर दिसत होत्या. म्हणजे वही आणि बाई यांपैकी कोणीतरी एक खोटं बोलत होतं. समितीनं दोन्ही पुरावे तपासले. वहीवर शिक्का होता. बाईंवर नव्हता.

तेव्हा नोंदीप्रमाणे बाई कुठवर गेल्या, हे मोजणं आलं. त्यासाठी अनसिंगच्या बाजारातून रज्जाक शिंप्याला टेपसकट बोलावलं. एका वळणाला किती जागा लागते, ते त्याला मोजायचं होतं. तो खाटेपाशी वाकला, टेप लावली, आणि पुन्हा एकदा लावून पाहिली.

"पंधरा इंच, साहेब. मागच्या रमजान ईदीले मी या बुढीची चोळी शिवली होती. तवा बाई भरीव होती जी."

चोळीची माहिती अप्रस्तुत म्हणून मी ती लिहिली नाही. आता सांगतो आहे, इतकंच.

पंधरा इंचांची बारा वळणं म्हणजे दिवसाला पंधरा फूट. खाट सातची उजवी बाजू पूर्वेला. तिथून सदनाचं कुंपण दोनशे दहा फूट. म्हणजे चौदा डिसेंबरलाच भागिरथाबाई कुंपण ओलांडून सदनाच्या हद्दीबाहेर गेल्या होत्या! इंद्रभानजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. कुंपणापलीकडे पंजाबरावांचं वावर, पूर्वेकडे लांबच लांब पट्टा, तुरीचा. जखम झाली त्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेर, बाई त्या वावरात सातशे वीस फूट आत होत्या. विहीर नशिबानं त्याच्या पुढे होती. आणि जानेवारीअखेर तूर कापून झालेली, जमिनीत राहतात ती खुंटं. टोकदार. तुरीच्या खुंटांवरून दिवसाला बारा वेळा वळणाऱ्या वृद्धेच्या पाठीला काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणून डॉक्टरांना परत पाठवलं.

"पण साहेब, मग बाई इथं कशा?" मी विचारलं.

"परत आल्या असतील. त्या कशा आल्या हे आपल्या चौकशीच्या कक्षेत नाही."

तरीही कोणावर अन्याय होऊ नये म्हणून अध्यक्षसाहेबांनी स्वतः खाटेपाशी जाऊन विचारलं, "आजीबाई, तुम्ही पंजाबरावांच्या शेतात गेला होता?"

भागिरथाबाईंनी डोळे उघडले. "जाता आलं असतं तं मंग काय पायजे होतं, बाप्पा!"

बाईंनी जाण्याची इच्छा कबूल केली, अशी मी नोंद घेतली.

पंजाबरावांना नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी पंजाबराव पायातल्या वहाणा दाराशी काढून आत आले. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस, हातात नोटिशीची घडी.

"साहेब, माह्या वावरात बुढी कायले येईन?"

"नोंद आहे."

"मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत वावरात राहतो. मले तं कोनी दिसली नाई."

अध्यक्षसाहेब खुर्चीत सरळ झाले. "काय म्हणालात? अडीच महिने एक आजारी म्हातारी तुमच्या डोळ्यांदेखत वावरातून चालली होती, आणि तुम्हाला ती दिसली नाही? पंजाबराव, कायद्यात यालाच हयगय म्हणतात. चिटणीस, लिहा."

मी लिहिलं. पंजाबरावांनी नोटीस पुन्हा घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बुढी दाखवा तं खरी एकडाव. कोनाच्या पायी मी गुन्हेगार झालो, ते पाहून घेतो."

आरोपीला हा अधिकार असतो. आम्ही त्यांना खाट सातपाशी नेलं. त्यांनी पाहिलं. वास आला तेव्हा मागे सरकले नाहीत, उलट गुडघ्यावर बसले आणि हळूच पाठीखाली हात घालून चाचपलं.

"अरे काय हे! मागच्या साली माहा बैल बसला होता, तीन हप्ते. मी अन् वच्छला दिवसातून चार येळा त्याले पालटवत होतो. नाई तं कातडी जाते. ढोराची जाते, मंग मानसाची नाई जानार?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत विचारलं, "आजी, कोन्या अंगावर करू?"

"डाव्या," भागिरथाबाई म्हणाल्या. "तिकडं खिडकी हाय."

पंजाबरावांनी एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि बाईंना डाव्या कुशीवर केलं. दोघं तिघं लागतात असं चंदाबाई म्हणाली होती, त्याला एक माणूस पुरला. गुडघ्यांमध्ये स्वतःचा दुपट्टा घडी करून ठेवला. बाईंनी मोठा श्वास सोडला. दिवाळीपासून प्रथमच त्यांना कवेलूंऐवजी दुसरं काही दिसत होतं.

"अगं माय! लिंबाले पालवी फुटली की रे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मी कागदपत्रांत तोंड घातलं.

त्या दिवसापासून पंजाबराव आणि त्यांची बायको वच्छला पाळीपाळीनं येऊ लागले. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वच्छलाबाईंनी सावरीच्या कापसाची मऊ गादी आणली. डॉक्टर आपल्या सुट्टीच्या दिवशी गुपचूप पट्टी करून जाऊ लागले. एप्रिल सरता सरता जखम भरत आली, आणि समितीत खळबळ उडाली, कारण पुरावा नाहीसा होत होता.

अखेरच्या बैठकीत अध्यक्षसाहेबांनी निकाल सांगितला. तो मी शब्दशः देतो: "ज्याचा दोष नाही, तो परक्या बाईची कूस बदलायला दिवसातून चार वेळा कशाला येईल? या समितीच्या तीन सदस्यांनी, चिटणीसांनी, व्यवस्थापकांनी अथवा मान्यवर पाहुण्यांनी बाईंना एकदाही हात लावलेला नाही, यावरून त्यांचं निर्दोषत्व सिद्ध होतं. पंजाबरावांनी हात लावला. ही कबुलीच होय. सबब जखमेची संपूर्ण जबाबदारी पंजाबरावांवर निश्चित करण्यात येते. बाई हयात असेपर्यंत त्यांनी कूस बदलण्याचं काम करावं." नोंदी न चुकवल्याबद्दल इंद्रभानजींची प्रशंसा करण्यात आली.

पंजाबरावांना मी निकाल वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे तं मी करूनच राह्यलो. यासाठी कागद कायले?" आणि अंगठ्याला शाई लावून बाईंना पालटवायला गेले. चादरीवर शाईचा डाग पडला म्हणून चंदाबाईनं त्यांना फटकारलं, तेवढीच शिक्षा.

खरा घोळ त्यानंतर झाला. निकालाची बातमी सदनात पसरली आणि आठवडाभरात अकरा निवाशांनी अर्ज केले. सगळ्यांचा मजकूर एकच होता. आपणही सतत उजवीकडे वळत होतो, तेव्हा आपण पंजाबरावांच्या वावरात गेलो असल्याची चौकशी व्हावी. खाट क्रमांक तीनवरच्या भिवाजींची उजवी बाजू पश्चिमेला होती. त्यांनी खाट फिरवून मिळावी, असा जादा अर्ज जोडला.

ते सगळे अर्ज घेऊन मी वाशीमला घरी आलो. आतल्या खोलीतून वडिलांनी हाक मारली. दीड वर्षापूर्वी त्यांचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून ते तिथंच असतात.

"आला का रे? मले जरा पालटव."

"बाबा, अहवाल लिहून राह्यलो. एवढं झालं की येतो."

"काय निकाल लागला त्या बुढीचा?"

मी तिथूनच सांगितलं, सगळं. ऐकून ते हसले. मी पुन्हा लिहायला लागलो.

"कारे," ते म्हणाले, "आपल्या घराच्या उजव्या अंगाले कोन राहते?"

उजवीकडे दिलावरची लाकडाची वखार आहे. चाळीस फूट. फार तर तीन दिवसांचं वळण. माझ्या हातातली लेखणी थांबली, पण अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

तुमच्याही घरी आतल्या खोलीत कोणी असेल. ही गोष्ट वाचायला घेतलीत तेव्हा तिकडून हाक आली होती, आणि तुम्ही म्हणालात, एवढं वाचून येतो. वाचून झालं. आता उठायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. उठणार नसाल, तर निदान उजवीकडे कोण राहतं, तेवढं बघून ठेवा.