सैल बटण, घट्ट बटण

लग्नाच्या पंगतीत पानातला लाडू मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दत्ताकाकांनी शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायला वापरतात ती जबडा असलेली स्टीलची पट्टी. तिच्यात त्यांनी आधी आपला लाडू धरला, मग शेजारी बसलेल्या माझा धरला आणि वाढप्याला हाक मारली.

"ह्याचा लाडू मोठा हाय. साचा वापरत नाय का तुम्ही?"

वाढप्यानं घाबरून त्यांच्या पानात आणखी एक लाडू टाकला.

"अरे, मला जास्त नको होता," काका कळवळून म्हणाले. "मी फक्त सांगितलं."

आम्ही तेव्हा पोलादपूरला राहत होतो. काकांचं घर आमच्या अगदी समोर. महाडच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली होती. निवृत्त झाले आणि पाठोपाठ काकी गेल्या. पुण्याच्या मुलाला वाटलं, बाबांचं मन कशात तरी रमावं. त्यानं त्यांना थ्रीडी प्रिंटर पाठवला. खोक्यातून सुटे भाग निघाले. ते काकांनी ओटीवर मांडले, जोडले, आणि आळीत पहिल्यांदाच त्यांच्या दारात गर्दी जमली.

मशीन म्हणजे एक उघडी चौकट. तिच्यात एक तोंड इकडून तिकडे फिरायचं, प्लास्टिकची तार वितळवायचं आणि जिलबी घालावी तसं थरावर थर चढवत जायचं. वरच्या आळीच्या सुमनमावशी कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो बाय, ही तर कुंभारमाशी!" भिंतीवर मातीचं घर लिंपणाऱ्या माशीचं हे नाव काकांना इतकं आवडलं की कंपनीचं नाव ते विसरूनच गेले.

बाकीच्या लोकांना मात्र ते झेरॉक्सचं मशीन वाटलं. कोणी बाटलीचं झाकण घेऊन यायचं, "काका, ह्याची एक कॉपी काढा." किराणावाले बाळशेठ तर खालची कवळी रुमालात गुंडाळून आले होते. वरची हरवली होती.

"खालच्यावरून वरची कशी काढणार?" काकांनी विचारलं.

"उलटी काढा की!"

"शेठ, हे प्लास्टिक तोंडात घालायचं नाय. दाताच्या डॉक्टरकडे जा," असं म्हणून काकांनी त्यांना परत पाठवलं, पण चहा पाजून.

काकांचं आवडतं वाक्य होतं, "टाकू नको, माप घेऊ." एके काळी आमच्या आळीत स्टो दुरुस्त करणारा यायचा, छत्रीवाला यायचा, कल्हईवाला यायचा. त्यांच्या आरोळ्यांवरून दिवसाचा कुठला प्रहर ते कळायचं. ते सगळे कधी यायचे थांबले, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. काकांच्या लक्षात होतं. त्या सगळ्यांची कामं हे एकच मशीन करील, अशी त्यांची खात्री होती.

मशीनला ती नव्हती. एका जीपवाल्याला त्यांनी मोबाइल ठेवायचा स्टँड करून दिला. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाईपर्यंत तो ताठ उभा होता. परत खाली आल्यावर जीप दुपारभर उन्हात राहिली आणि स्टँड काचेपाशी लोळला. "थंड हवेचा माणूस हाय तो," काका म्हणाले. पावसाळ्यात लाईट जायची आणि वस्तू अर्ध्यावर राहायची. अशा वस्तू काकांनी टाकल्या नाहीत. त्यांच्या खिडकीत एक अर्धा मोर होता, डोक्यापर्यंत न पोचलेला एक हत्ती होता आणि कुठल्यातरी भांड्याचा नुसता तळ होता.

पण काकांच्या कामात खरी मेख वेगळीच होती. त्यांची वस्तू पहिल्या खेपेला कधीही बसायची नाही. आमच्या पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण तुटलं, तेव्हा त्यांनी माप घेतलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. बटण झालं सैल. परत गेलो, परत चहा, परत कारखान्याच्या गोष्टी. आता बटण झालं घट्ट. तिसऱ्या वेळी कुठं ते बसलं. सगळ्यांचा हाच अनुभव. "लाडू मोजतात, पण बटण जमत नाही," असं म्हणून आळीत सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग सुनीताचं काम आलं.

सुनीता माझ्या बायकोची, मीनाची, मावसबहीण. वरंधला राहायची. नवरा मुंबईला, आणि घर चालायचं ते तिच्या शिवणकामावर. जीपच्या दारात हात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. शिलाईचं मशीन ती कशीबशी चालवायची, पण कात्री धरता येईना. गणपती तोंडावर आले होते आणि बायकांची कापडं तिच्याकडे तशीच पडून होती. काही जणी तर परत न्यायला लागल्या होत्या.

मीना तिला काकांकडे घेऊन गेली. मला वाटलं होतं, काका आता व्हर्निअर काढतील. त्यांनी मीनाला कणीक मळून आणायला सांगितली.

"हा गोळा धर गो. कात्री धरल्यासारखा. दुखेल इतकं दाबू नको."

सुनीतानं गोळा धरला. तिचा हात जसा वळत होता तसाच ठसा कणकेत उमटला. काकांनी तो दोन्ही हातांत धरून आत नेला. त्यानंतर त्यांच्या ओटीचं दार दिवसभर बंद. आम्ही गेलो तर "आता नको रे" असं आतूनच उत्तर. चहा नाही, गोष्टी नाहीत. लाईट जाऊन एकदा काम फुकट गेलं, तर आमचा इन्व्हर्टर उचलून घेऊन गेले.

वस्तू तयार झाल्यावर मी म्हटलं, "सुनीताला बोलावून घेतो."

"तिला कशाला? दोन गाड्या करून यायचं. आपणच जाऊ."

महाडला गाडी बदलून आम्ही वरंधला पोचलो. कात्रीच्या दांड्यांवर चढवायची दोन रुंद कडी काकांनी केली होती, आणि कात्री आपोआप उघडावी म्हणून मध्ये एक स्प्रिंग. सुनीतानं हात घातला. कुठं सैल नाही, कुठं घट्ट नाही. तिनं खडूची रेघ मारली आणि एका दमात पूर्ण कापड कापलं. मग कात्री खाली ठेवायचं सोडून ती चिंध्याही कापत सुटली, आणि कापता कापता रडायला लागली. काका गडबडीनं उठले. "चल रे, गाडी जाईल," म्हणाले. गाडीला अजून बराच वेळ होता.

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, "काका, हे पहिल्याच खेपेला कसं बसलं?"

"तिची अडचण होती."

"आणि आमच्या पंख्याचं बटण?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुम्ही समोरच राहता," ते म्हणाले. "यायला काय होतं तुम्हाला?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"तुझी काकी गेल्यापास्नं," ते बाहेर बघतच म्हणाले, "धुवायला एकच कप असतो."

घरी येऊन मी हे फक्त मीनाला सांगितलं. आळीत वस्तू सैल आणि घट्ट होतच राहिल्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात मुलगा येऊन काकांना पुण्याला घेऊन गेला. मशीनही गेलं. समोरची ओटी बंद झाली. संध्याकाळी दारात उभं राहिलं की नजर आपोआप तिकडे जायची आणि मग काय करावं ते सुचायचं नाही.

एका दुपारी आंबेनळी घाट उतरून आलेल्या एसटीतून काका पिशवी आणि खोकं घेऊन उतरले आणि स्वतःच्या घराचं कुलूप न काढता सरळ आमच्याकडे आले.

"एवढ्यात परत?" मी विचारलं.

"मुलगा चांगला हाय रे. सूनही चांगली. पण तिथं कोणाचं काय मोडतच नाय. मोडलं तर नवीन दारात येतं. मशीन खोक्यातच राहिलं." त्यांनी आमच्या खोलीभर नजर फिरवली. "तुमचं हाय का काय मोडलेलं?"

मीनानं इकडेतिकडे बघितलं. घरात नेमकं सगळं धडधाकट होतं.

"नाही काका, काहीच नाही."

"बरं. मग येतो," म्हणत काकांनी पिशवी उचलली.

"अहो, मोडलं नाही म्हणून काय झालं?" मीनानं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "नुसतेच बसा की."

काका बसले. नुसतं बसायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. ते त्यांनी आधी घडी करून ठेवले, मग सोडले, आणि शेवटी दोन्ही गुडघ्यांवर ठेवून, चहा येईपर्यंत पाहुण्यासारखे बसून राहिले.